तक्रार: १९ दिवसांत गळलेला एसी कॉम्प्रेसर आणि तीन ओळींत नाकारलेली वॉरंटी

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय: गाडीच्या एसी कॉम्प्रेसरचा वॉरंटी दावा नाकारल्याबाबत फेरविचाराची मागणी

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मागवलेला कॉम्प्रेसर मी घरी स्वतः बसवला. १९व्या दिवशी तो शाफ्टच्या सीलमधून गळू लागला. पार्ट काढून आपल्याकडे पाठवला, आणि २६ दिवसांनी तीन ओळींचा नकार आला: अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवलेला नाही, ऑइलचा ड्रेन प्लग उघडलेला आहे, तपासणीत ऑइल फक्त ४० मिलि निघाले. म्हणून दावा बाद.

या तिन्ही ओळींना माझ्याकडे उत्तर आहे. आपल्या ग्राहक सेवेतल्या ताईंना ते फोनवर दोनदा सांगून झालं. त्या शांतपणे ऐकून घेतात आणि पुन्हा त्याच तीन ओळी वाचून दाखवतात. म्हणून हे पत्र.

पहिली ओळ आधी, कारण तिचाच राग जास्त आहे. हा पार्ट मी निवडला तो जाहिरातीतलं ‘घरच्या घरी बदला’ हे वाक्य वाचून. सोबत व्हिडिओही होता, त्यात एक गृहस्थ टी-शर्टवर एक डागही न पडता कॉम्प्रेसर बदलून दाखवतात. ‘अधिकृत वर्कशॉपमध्ये बसवला तरच वॉरंटी’ ही अट मात्र खोक्यात, थर्माकोलच्या खाली ठेवलेल्या कागदावर होती. म्हणजे पैसे भरून, खोकं फोडल्यावरच ती कळणार. विकताना माझे हात चालतात आणि तक्रार आली की तेच हात दोषी ठरतात, हे मला मान्य नाही.

शिवाय ‘घरी बसवला’ म्हणजे सगळंच अंगणात उरकलं असा अर्थ काढू नये. बोल्ट, बेल्ट, पाइप आणि कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या क्लचची वायर एवढंच माझं काम होतं. गॅस काढणं, व्हॅक्यूम करणं आणि पुन्हा गॅस भरणं ही कामं मी वर्कशॉपमध्ये मशीनवर करून घेतली, दोन्ही वेळची बिलं सोबत आहेत. व्हॅक्यूम पंप ४५ मिनिटं चालला, मग बंद करून अर्धा तास थांबलो, दाबमापकाचा काटा जागचा हलला नाही, म्हणजे तेव्हा गळती नव्हती. गॅस भरल्यावर लो साइडला ३५ आणि हाय साइडला २२० पीएसआय दाब होता. त्या दिवशीच्या उन्हात याहून चांगले आकडे मागायला नकोत.

इथे आपल्या माहितीपत्रकाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यातली दुसरी पायरी अशी आहे: ‘पाइपचा नट हळूहळू सैल करून गॅस जाऊ द्या.’ हे कोणी लिहिलं आणि कोणी तपासलं? माझ्या गाडीत आर-१३४ए गॅस आहे. तो उणे २६ अंश सेल्सियसला उकळतो. नट सैल करताना त्याची चिळकांडी बोटांवर किंवा डोळ्यात उडाली तर तिथलं मांस गोठेल. विस्तवाजवळ तो गेला तर त्यातून विषारी वायू तयार होतात. आणि हवेत सोडला, तर १०० वर्षांच्या हिशेबाने तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता अडवतो. म्हणून तर तो मशीनने ओढून घ्यायचा असतो. एखादा नवशिका आपलं पत्रक प्रमाण मानून चालला तर त्याचं काय होईल याची मला माझ्या पैशांपेक्षा जास्त काळजी वाटते.

आता ड्रेन प्लग. हो, तो मी उघडला. जो कोणी हे काम समजून करतो तो उघडतोच. जुन्या कॉम्प्रेसरमधलं ऑइल काढून मोजायचं, नव्यातलं ऑइल काढायचं, आणि जुन्यातून निघालं तेवढंच नव्यात भरायचं, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) बदलला असेल तर त्याच्यापुरतं थोडं वर. कारण ऑइल काही इंजिनसारखं एका जागी साठून राहत नाही. ते गॅसबरोबर कंडेन्सर, ड्रायर, कूलिंग कॉइल असं सगळीकडे फिरत असतं, आणि कॉम्प्रेसर काढला तरी त्यातलं बरंचसं आत राहिलेलंच असतं.

माझ्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे पूर्ण सिस्टिममध्ये पीएजी-४६ जातीचं १२० मिलि ऑइल लागतं. जुना कॉम्प्रेसर रात्रभर बरणीवर उलटा टांगून, अधूनमधून शाफ्ट हाताने फिरवून, ७० मिलि निघालं. रंग स्वच्छ होता, धातूचा कीस नव्हता. त्यामुळे फ्लशिंगची, म्हणजे सिस्टिम आतून धुण्याची गरज नव्हती, तरी ड्रायर आणि जोडांमधल्या सगळ्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्या टाकल्या. (आपल्या खोक्यात आलेल्या दोन ओ-रिंगपैकी एक पाइपवर बसतच नव्हती, ती वेगळी विकत आणली. त्याबद्दल मी तक्रार करत नाही, फक्त सांगून ठेवतो.)

मग नवा कॉम्प्रेसर रिकामा केला. त्यावर लेबल होतं: ‘ऑइल १२० मिलि भरलेले आहे, आणखी घालू नये.’ निघालं ३० मिलि. चूक माझीच असेल असं वाटून पुन्हा टांगला, पुन्हा फिरवला, तरी ३०च. त्याच संध्याकाळी आपल्या हेल्पलाइनला फोन केला. उत्तर मिळालं, ‘लेबलवर आहे तेवढं असतंच, तुम्ही हात लावू नका.’ तोवर ऑइल माझ्यासमोर काचेच्या मापात होतं. त्याचा फोटो सोबत आहे, शेजारी लेबलही दिसतं.

कृपया कागद-पेन घेऊन हा हिशेब करून पाहा. १२० पैकी ७० जुन्या कॉम्प्रेसरबरोबर बाहेर आलं, साधारण १५ जुन्या ड्रायरबरोबर गेलं. आत उरलं ३५. आपल्या लेबलवर विश्वास ठेवून नवा तसाच बसवला असता, तर ३५ आणि ३० मिळून ६५ मिलि झालं असतं, म्हणजे हवं त्याच्या जेमतेम निम्मं. कॉम्प्रेसर कोरडा चालून जाम झाला असता आणि आपण ‘ऑइल अपुरे’ म्हणून वॉरंटी नाकारली असती. लेबल खरं असतं, म्हणजे आत खरोखर १२० असतं, तर एकूण १५५ झालं असतं आणि जादा ऑइल कंडेन्सरच्या नळ्यांत बसून थंडावा कमी झाला असता. मी मोजून ८५ भरलं, हिशेब बरोबर १२०वर आणला, तर आपण ‘प्लग उघडला’ म्हणून नाकारता. मग आपल्या अटींत राहून हा कॉम्प्रेसर नीट बसवायचा तरी कसा, ते मला एकदा लेखी कळवा.

तिसरी ओळ तर आपल्या तपासनिसांनी लिहायलाच नको होती. फिरत्या सिस्टिममधून काढलेल्या कॉम्प्रेसरमध्ये ४० मिलि सापडणं म्हणजे एकूण ४० होतं असं नाही. बाकीचं माझ्या गाडीत आहे, आणि काही बॉनेटच्या आतल्या बाजूला आहे. हे शेवटचं मी चेष्टेने म्हणत नाही. सीलमधून झिरपलेलं ऑइल फिरत्या क्लचने भिरकावलं, आणि बॉनेटखाली पुलीच्या रेषेत एक तेलकट पट्टा उमटला. गळती मला त्यावरूनच कळली. गॅस भरताना डाय, म्हणजे गळती शोधायचा चमकणारा रंग, टाकलेला होता. यूव्ही टॉर्च मारल्यावर क्लच प्लेटच्या मागे, शाफ्टच्या नाकाशी हिरवं चमकलं. पाइपचे दोन्ही जोड कोरडे होते. फोटो पाहावेत.

ऑइल कमी असल्यामुळेच सील गेलं असं आपलं म्हणणं असेल, तर आपल्याच ४० मिलिचा रंग पाहा. कोरड्या चाललेल्या कॉम्प्रेसरचं ऑइल काळं येतं, त्यात धातूचा चुरा असतो. पाठवण्यापूर्वी मी शाफ्ट हाताने फिरवून पाहिला होता, कुठेही अडकत नव्हता, कुठेही खरखर नव्हती. पंपाचा भाग ठणठणीत आणि फक्त सील गेलेलं, हे ऑइलच्या कमतरतेचं लक्षण नाही. सील बसवताना राहिलेला हा दोष आहे. आपल्या तपासणी अहवालात ऑइलचा रंग किंवा धातूचा चुरा याबद्दल एक शब्द नाही. तो भाग तपासला नाही की लिहिला नाही?

माझं नुकसान फक्त कॉम्प्रेसरचं नाही. सिस्टिम दुसऱ्यांदा उघडावी लागली. पाइपांना टोप्या लावल्या असल्या तरी ड्रायर ओलावा शोषतोच, पीएजी ऑइलही शोषतं. म्हणजे १९ दिवसांचा नवा ड्रायर आता टाकाऊ. गॅस पुन्हा भरायचा, ओ-रिंग पुन्हा आणायच्या. आपल्या वॉरंटीत या खर्चाचा उल्लेख नाही हे मला माहीत आहे, तरी मी तो मागतो आहे, कारण तो माझ्या चुकीने झालेला नाही.

माझ्या मागण्या अशा. एकतर दुसरा कॉम्प्रेसर द्यावा, ज्यात प्रत्यक्ष किती ऑइल आहे ते मोजून लिहिलेलं असेल, नाहीतर पूर्ण रक्कम परत करावी. ड्रायर, ओ-रिंग आणि दोन वेळच्या गॅसचा खर्च बिलांप्रमाणे द्यावा. माझा पार्ट आपल्याकडेच आहे, तो मोडीत न काढता निकाल लागेपर्यंत जपून ठेवावा. शक्य झालं तर माझ्यासमोर उघडावा, मी यायला तयार आहे. लेबल आणि पत्रकातली ती दुसरी पायरी बदलावी, ही मागणी माझ्या दाव्याशी जोडू नका, दावा फेटाळलात तरी ती राहील.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावं. फोन नको. उत्तर न आल्यास हीच कागदपत्रं घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन.

उत्तर लवकर हवं असण्याचं आणखी एक कारण आहे. माझ्या गाडीत एकच बेल्ट आहे. आल्टरनेटर आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर, त्यामुळे कॉम्प्रेसर काढून गाडी चालवता येत नाही. सध्या जुनाच कॉम्प्रेसर पुन्हा जागेवर लावला आहे, पाइप न जोडता, फक्त बेल्टला वाट मिळावी म्हणून. त्याची पुली नुसतीच फिरते. तिचं बेअरिंग किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

सोबत: खरेदीचं बिल, गॅस काढल्याचं आणि भरल्याचं बिल, ड्रायर व ओ-रिंगची बिलं, लेबलसह ३० मिलि ऑइलचा फोटो, गळतीचे फोटो आणि आपल्या नकाराची प्रत. ऑर्डर क्रमांक खरेदीच्या बिलावर आहे.

कळावे,

आपला ग्राहक