मांजर तुमचं, वाफा आमचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भटक्या कुत्र्यांवरची पत्रं आपल्या सदरात वरचेवर येतात आणि ती यायलाच हवीत. मांजरांविषयी मात्र कुणी लिहीत नाही. मांजर भुंकत नाही, गाडीमागं धावत नाही. रात्री येतं, मऊ माती बघतं, काम उरकतं, वर माती ओढतं आणि निघून जातं. सकाळी खुरपं घेऊन बसणाऱ्या बाईच्या हाताला काय लागतं ते तिलाच माहीत. अशा बायका कोल्हापुरात पुष्कळ आहेत, म्हणून हे पत्र.

आमचं घर रंकाळ्याच्या पलीकडच्या एका कॉलनीत. मागं छोटंसं परडं. त्यात पोकळा, मेथी, चाकवत, कोथिंबीर, एक कढीपत्ता, गवती चहाचं बेट आणि कुंपणावर दोडका. निवृत्तीनंतर माझा सकाळचा वेळ तिथंच जातो. शेजारच्या दोन घरांत मिळून मांजरं किती, हे त्या घरांनाही सांगता येणार नाही. एक भाटी ‘आमची’ आहे. तिची पिल्लं ‘आमचीच म्हणायची’. आणि तो मोठ्या डोक्याचा बोका ‘कुणाचा कुणास ठाऊक, येतोय जेवायला’. दूध-चपाती सगळ्यांना तिथं मिळते. पुढच्या कामाला सगळी माझ्याकडं येतात.

यात मांजराची काही चूक नाही. त्याला कोरडी, भुसभुशीत, पंजानं उकरता येईल अशी जागा लागते, आणि कोथिंबिरीलाही नेमकी तशीच लागते. ढेकळं फोडायची, मुरलेलं शेणखत मिसळायचं, माती हातानं मोकळी करायची, धने रगडून पेरायचे. तालमीतल्या हौद्यासारखा वाफा तयार झाला की शेजारच्या भिंतीवर हजेरी लागते. धने उगवायला आठ-दहा दिवस तरी जातात, कधी पंधरा. एवढ्या दिवसांत एक रात्र पुरते. सकाळी बघावं तर वाफ्याच्या मधोमध खड्डा, धने चारी दिशांना, आणि त्या खड्ड्यात काय आहे ते सांगायला नको. पोकळ्याच्या रोपांना फार होत नाही, ती एकदा वर आली की दाट होतात. फटका बसतो तो पेरलेल्या, न उगवलेल्या वाफ्याला.

शेजारच्या सूनबाईशी बोलले. ती गोड स्वभावाची आहे. म्हणाली, “काकू, मांजर हाय ते. त्याला काय सांगायचं?” आतून तिच्या सासूबाई म्हणाल्या, “कुत्रं बांधता येतंय, मांजर कोण बांधतंय व्हय?” आक्कांचं म्हणणं पटण्यासारखं आहे. मांजर बांधा असं मी कुठं म्हणते? मांजराला तुमच्याच कुंपणात जागा करून द्या, एवढंच म्हणणं. ते ऐकल्यावर दोघी माझ्याकडं अशा बघायला लागल्या की जणू मी मांजराला शाळेत घाला म्हणाले.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, त्यामुळं ही तक्रार नुसत्या वासाची नाही हे मला सांगता येईल. गरोदर बायकांच्या रक्ताची ‘टॉर्च’ नावाची तपासणी असते. तिच्यातलं पहिलं अक्षर टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचं. त्याचं जीवनचक्र पुरं होतं ते मांजराच्याच आतड्यात. कच्चं मांस, उंदीर, पाखरं खाणाऱ्या मांजराला त्याची लागण होते आणि मग त्याची सूक्ष्म अंडी शीतून बाहेर पडतात. बहुतेक निरोगी माणसांना लागण झालेली कळतही नाही. पण गरोदरपणात पहिल्यांदाच झाली तर पोटातल्या बाळाला धोका असतो, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसालाही.

आता यावरून घाबरून जाऊन मांजर हाकलू नका. मांजर ही अंडी साधारण आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे टाकतं. ताजी शी लगेच लागण करत नाही, त्या अंड्यांना पक्व व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे रोजच्या रोज शी उचलली तर धोका पुष्कळ कमी होतो. मातीत मात्र ती राहिली, ओल आणि सावली मिळाली, तर वर्षभरसुद्धा टिकतात. फिनेल ओतून मरत नाहीत, उकळत्या पाण्यानं मरतात. वाफ्यावर उकळतं पाणी कोण ओतणार? आणि कोथिंबीर आपण शिजवून खातो का? मिसळीवर कच्ची, रश्श्यावर कच्ची, पोह्यांवर कच्ची. आपलं मटण तास-दीड तास शिजतं, त्याची मला काळजी नाही. वर जी हिरवी चिमूट पडते, तिची आहे. म्हणून घरची असली तरी पालेभाजी दोन-तीन पाण्यांत धुवा, मातीत हात घालताना हातमोजे घाला, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला वाफ्यातलं आणि मांजराच्या शीचं काम देऊ नका.

कॉलनीत बांधकाम चालू असलं की रस्त्याकडेला वाळूचा ढीग पडतो. दिवसा त्याच्यावर पोरं किल्ले करतात, रात्री मांजरं आणि कुत्री जातात. त्यांच्या शीतून आलेल्या आकडीकृमीच्या (हुकवर्मच्या) अळ्या अशा वाळूतून उघड्या पायाच्या कातडीत शिरू शकतात. मग पायावर नागमोडी लाल रेघ उठते, भयंकर खाजते आणि रोज थोडी पुढं सरकते. बांधकामवाल्यांनी ढिगावर ताडपत्री टाकली तरी पुष्कळ झालं. पण हे जाता जाता.

कॉलनीत उपाय सुचवणारे काही कमी नाहीत. निळीच्या पाण्याच्या बाटल्या ठेवा, असं पहिल्यांदा सांगितलं गेलं. आमच्या गल्लीत निम्म्या फाटकांवर त्या कुत्र्यांसाठी लटकलेल्या आहेत, आणि त्यांच्याखालीच कुत्री झोपलेली असतात. बोक्यानं माझ्या बाटलीला अंग घासलं आणि वाफ्यात गेला. दुसऱ्यानं डांबरगोळ्या सांगितल्या. त्या टाकू नयेत. मांजराला विषारी, रांगत्या पोराच्या तोंडात गेल्या तर त्यालाही, आणि त्या मातीतली भाजी आपणच खाणार. फिनेलचंही तेच. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. पंजाला लागलेलं ते चाटतं आणि आजारी पडतं. चटणी टाका, असंही एकजण म्हणाले. संकेश्वरी मिरचीचा भाव बघता मांजरावर चटणी उधळणारा माणूस मला भेटायचा आहे. शिवाय एकदा पाणी दिलं की ती वाहून जाते, तोवर मांजराचे डोळे पोळलेले असतात.

पोत्यात घालून पंचगंगेच्या पलीकडं सोडून या, हा तर आपल्याकडचा पिढीजात उपाय. मांजर बऱ्याचदा परत येतं. नाही आलं तर उपाशी मरतं, किंवा दुसऱ्याच्या परड्यात जातं, आणि इथली मोकळी झालेली जागा महिन्याभरात नवा बोका घेतो. जनावर असं उपासमारीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे.

आणि एकानं हळूच सांगितलं ते असं: “काकू, एक पुडी टाका, मिटतंय सगळं.” चांगल्या घरातला, शिकलेला माणूस. त्याच्यासारख्यांसाठी सांगते की भारतीय न्याय संहितेच्या ३२५ कलमाखाली जनावराला मारणं, विष घालणं, पांगळं करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. १ जुलै २०२४ च्या आधी जुनी दंडसंहिता होती, तिच्यात जनावराची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावर कलम ठरायचं. आता किमतीचा प्रश्नच काढून टाकला आहे. आणि कायद्याला न भिणाऱ्यांनी आपल्या आज्जीचं तरी आठवावं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, असं आमची आज्जी म्हणायची. गुजरीतल्या सराफांकडं एकदा भाव विचारून या. विषाची पुडी फक्त मांजरच खातं असंही नाही. कावळा खातो, कुत्रं खातं, आणि अर्धी उरलेली पोरांच्या हाती लागते.

मांजर नकोच, असं माझं अजिबात मत नाही. मी लहानपणी जुन्या वाड्यात राहिले आहे, गुळाच्या आणि धान्याच्या वखारी जवळून पाहिल्या आहेत. ज्या घरात मांजर नसायचं तिथं घुशी पाया पोखरायच्या. महापूर ओसरल्यावर उंदरांनी काय मांडलं होतं ते नदीकाठच्या गल्ल्यांना विचारा. मांजराचा उपकार आहेच. पण उपकार करणाऱ्याची सोय करायची जबाबदारी ज्याच्या घरात ते झोपतं त्याची असते, शेजाऱ्याच्या मेथीची नसते.

आपल्या बाजूनं जे करायचं ते मी केलं आहे, आणि ज्याला उपयोग होईल त्यानं घ्यावं. पेरलेल्या वाफ्यावर कोंबडीची जाळी जमिनीलगत आडवी टाकून कडा दगडांनी दाबायच्या. रोपं जाळीतून वर येतात, मांजराला मात्र उकरता येत नाही. जाळी नसेल तर बोरीच्या किंवा लिंबाच्या काट्या दाट पसरायच्या. झाडांच्या आळ्यात उसाचं पाचट जाड थरानं घालायचं. आपल्याकडं पाचटाला तोटा नाही, शेतात जाळण्यापेक्षा दोन भारे आणून टाकले तर ओलही टिकते आणि उघडी मोकळी माती दिसत नाही. नारळाची सोडणंही चालतात. संध्याकाळी वाफा ओला ठेवायचा, ओल्या मातीत पाय घालायला मांजर कुरकुरतं. संत्र्याच्या साली दोन दिवस चालतात, मग वास जातो. पावसाळ्यात सगळं उलटं होतं. बाहेर चिखल झाला की मांजरं कोरडी जागा शोधत सोप्यातल्या कुंड्यांवर येतात. तेव्हा कुंडीतल्या मातीवर जाड खडी पसरायची. तुळशीच्या कुंडीत मी तेच केलं आहे.

पण जाळी, काट्या, पाचट हे सगळं मीच का करायचं? मांजर पाळणाऱ्याला करायचं काम याहून सोपं आहे. एक घमेलं घ्या, नसेल तर आंब्याची जुनी पेटी आत प्लास्टिक घालून. त्यात चार बोटं कोरडी वाळू किंवा वखारीतला लाकडाचा भुसा. आडोशाला, जिथं माणसांची ये-जा कमी आणि पाऊस लागत नाही अशा कोपऱ्यात, जेवणाच्या वाटीपासून लांब ठेवा. मांजर घाण जागेत जात नाही, म्हणून शी रोज उचलायची, कागदात बांधून कचऱ्यात टाकायची आणि आठवड्यानं वाळू बदलायची. पहिले काही दिवस जेवणानंतर मांजराला तिथं नेऊन सोडायचं, पुढं ते आपणहून जातं. पिल्लं तर आईचं बघून शिकतात. मांजरं दोन असतील तर घमेली दोन.

आणि ऑपरेशन. भाटी सहा महिन्यांच्या आतसुद्धा माजावर येऊ शकते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला दोन-तीन वेळा हे होतं. शेजारणीला मांजरांचा हिशोब लागत नाही तो यामुळं. बोक्याचं ऑपरेशन झालं की त्याचं भिंतींवर, दारावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर मुतून हद्द आखणं बहुतेक थांबतं, रात्रीच्या मारामाऱ्या कमी होतात आणि हिंडणंही. जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलंच आहे तर रेबीजची लसही टोचून घ्यावी. मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो, हे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. ज्याला आपण रोज जेवायला घालतो त्या बोक्याला ‘कुणाचा कुणास ठाऊक’ म्हणणंही आता बंद व्हावं. ज्याच्या वाटीत तो खातो, त्याचा तो.

महापालिकेकडं एक मागणी आहे. कुत्र्यांच्या नसबंदीवर निदान चर्चा तरी होते. मांजरांसाठी वर्षातून दोनदा, प्रभागवार, कमी खर्चातलं शिबिर घ्यावं. घरच्या मांजराला रिक्षातून लांब न्यायचं म्हणजे बायकांना अर्धा दिवस आणि हातावर ओरखडे, म्हणून ते काम पुढं पुढं ढकललं जातं. गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडलं तर आमच्या आक्कासुद्धा पिशवीत घालून घेऊन येतील, हे मी लिहून देते.

आमच्या बांधकामातलं एक घमेलं गच्चीवर पडून आहे, धड आहे. थोडी वाळूही शिल्लक आहे. शेजारी आपला पेपर घेतात आणि हे सदर वाचतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी भिंतीवरून हाक मारावी, दोन्ही देते.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
रंकाळा परिसर, कोल्हापूर
(नाव छापू नये ही विनंती. ओळखायचे ते ओळखतीलच.)