आईंच्या पांढऱ्या ओट्याबद्दल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय शैला,

दिवाळीपासून पत्र नाही, फोनवर दोन-दोन मिनिटं बोललो तेवढंच. रागावली असशील तर रागाव, हक्क आहे तुझा. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर आटोक्यात आहे. आता मूळ गोष्ट. काल आईंकडे गेले होते, तुझा लाडका पांढरा ओटा बघून आले आणि जीव हळहळला. भाऊ म्हणेल, "ओटाच आहे ना!" म्हणून तुलाच लिहितेय.

शेगडीच्या डाव्या हाताला तव्याच्या काठाएवढी अर्धगोल पिवळट कड उमटलीय. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागते, पण तिरकं बघितलं की तेवढीच जागा मंद दिसते. भाकरीचा तवा उतरवून थेट टेकवलेला दिसतोय. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "ह्याला काही होत नाही." उभा जन्म कडप्प्यावर तवे टेकवलेल्या बाईने ते खरं का मानू नये?

हा ओटा सलग दगडाचा नसतो गं. साधारण नव्वद टक्के गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्‌झची चूर, बाकी रेझिन (चुरीला धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं चिकट द्रव्य) आणि रंग, हे सगळं दाबून लादी करतात. चुरीला आच लागत नाही, रेझिनला लागते. दीडशे अंशांच्या वर ते करपायला लागतं आणि भाकरीचा तवा दोनशेच्या पुढे असतो. म्हणून ती कड कशानेही पुसली जाणार नाही, रेझिनच करपलंय. पॉलिशवाल्याला मशीन घेऊन बोलवू नकोस. चक्ती फिरताना तीही तापते, आणि आज एक डाग आहे तिथे उद्या मोठा मंद पट्टा दिसेल. त्या जागी जाड लाकडी पाट ठेवायचा आणि शेगडीजवळ दोन अडण्या कायमच्या. आईंच्या माळ्यावर पितळी अडणी आहेच, ती काढायला सांगते. कुकर, कढई, तेलाचं पातेलं, सगळं अडणीवर. ओव्हनमधला ट्रे काढून थेट गार ओट्यावर ठेवायची तुझी सवयही सोड. एकाच जागी अचानक उष्णता लागली की तडा जाऊ शकतो, आणि तो शेगडीच्या नाहीतर सिंकच्या कापाच्या (ते बसवायला लादीत कापलेल्या जागेच्या) कोपऱ्यातून सुरू होतो.

(हो, मी करडा घे म्हणत होते. तू म्हणालीस, "पांढराच, नाहीतर मी येतच नाही." गॅदरिंगच्या साड्यांवरूनही असंच भांडली होतीस आणि तेव्हाही पांढऱ्यावरच अडली होतीस!)

आता हळद. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण सगळा घोळ तिथेच झालाय. कामवाल्या मावशींनी हळदीच्या डागावर साबण घातला, डाग लालभडक झाला आणि त्यांना वाटलं ओटा गेला. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, तसंच साबणानेही होतं. भरपूर पाण्याने पुसलं की पुन्हा पिवळा दिसतो. पण त्या घाबरल्या आणि त्यांनी संडास धुवायचं ॲसिड ओतलं. त्याने रेझिनची चकाकी जाते, स्टीलच्या सिंकला खड्डे पडतात. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, ते वेगळंच. बाटली मी उचलून बाथरूममध्ये ठेवली.

बरोबर रीत अशी, फोनवर आईंना हीच सांग. हळद तेलात मिसळलेली असते, म्हणून आधी भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब आणि कोमट पाणी घेऊन मऊ फडक्याने तेल काढायचं. मग साध्या पाण्याने पुसायचं. तरी पिवळं राहिलं तर हायड्रोजन पेरॉक्साइड. बाटलीवर टक्केवारी बघायची. सहा टक्के असेल तर तेवढंच पाणी घालून तीन टक्के करायचं. कागदी रुमाल त्यात भिजवून डागावर ठेवायचा, वर प्लास्टिक, पंधरा-वीस मिनिटं, मग धुऊन कोरडं करायचं. फिकट झाला पण गेला नाही, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकाच दिवशी घासत बसायचं नाही. काळ्या द्राक्षाच्या रसालाही हेच चालतं.

हिरवी घासणी आणि तारेची घासणी, दोन्ही बंद. हिरवीने हळूहळू चकाकी मरते. तारेचे बारीक तुकडे ओलीत राहिले की गंजाचे ठिपके पडतात. स्टीलचे डबे ओढल्यावर ज्या करड्या रेघा दिसतात, त्यातल्या बऱ्याचशा ओरखडे नसतात, डब्याचाच धातू तिथे लागलेला असतो. खायच्या सोड्याची पाण्यात सरबरीत पेस्ट करून बोटाने हलकेच फिरवली की निघतात. वाळलेली कणीक जुन्या एटीएम कार्डाने खरवडायची, विळीने नाही. नळाभोवतीचा पांढरा थर बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा आहे. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडकं भिजवून पाच मिनिटं ठेवायचं, मग धुवायचं. रात्रभर ठेवायचं नाही.

आणखी एक. "दरवर्षी सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारं द्रव्य) मारून देतो" म्हणणाऱ्या माणसाला पैसे देऊ नकोस. ग्रॅनाइटला सीलर लागतो, ह्याला नाही. वर नुसता चिकट थर बसून राहतो. सिंकच्या कडेची काळी रेघ दगडातली नाही, सिलिकॉनवरची बुरशी आहे. ब्लेडने जुनं सिलिकॉन काढून, जागा पूर्ण वाळवून, बुरशीरोधक सिलिकॉन भरायचं आणि चोवीस तास पाणी लावायचं नाही. माणूस मी बघते.

चार बर्नरची शेगडी बसवायचं तुझ्या मनात आहे, त्याचं मात्र नीट ऐक. काप वाढवायचा तर पाणी मारत, लादी खाली उतरवून, घराबाहेर. कोरडी कापली की त्या गारगोटीची, म्हणजे सिलिकाची, बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. कापणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो म्हणून ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा लाद्यांवर बंदीच घातली. आईंच्या स्वयंपाकघरात कोरडं ग्राइंडर चाललेलं मी बघू शकणार नाही, आणि त्या पोराच्या नाकावर नुसता रुमाल असलेला तर नाहीच. कापाचे कोपरे गोल ठेवायला सांग, काटकोनी कोपऱ्यातून तडा जातो.

तुझ्या बदलीचं काय झालं? चिन्मयची बारावी कशी चाललीय? सिंहस्थाला सगळे येणार आहात ना? रस्सा करीन, पण वाटी बशीत ठेवायची.

शेगडीची लांबी-रुंदी या आठवड्यात कळव, कापणाऱ्याला बोलवायच्या आधी मी ओट्याची मापं घेऊन ठेवते.

तुझी,
मंदा