चहाच्या सुट्टीतलं इंग्रजी

लीड्स, इंग्लंड

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नेमणुकीचं पत्र आल्याचं आईने फोनवर सांगितलं. फार फार आनंद झाला गं. कपडे आणि मसाल्यांची यादी वेगळी पाठवते. आज दुसरंच लिहायचंय. ओईटीसाठी, म्हणजे नर्स-डॉक्टरांच्या त्या इंग्रजीच्या परीक्षेसाठी, तू इतकी मेहनत केलीस, त्यामुळे वॉर्डातलं इंग्रजी तुला जड जाणार नाही. जड जाईल ते चहाच्या सुट्टीतलं, आणि त्यातही इथल्या माणसांचं आश्चर्य.

तू सांगशील, आमची आजी या वयातही रोज भाकऱ्या थापते. समोरची डोळे मोठे करून म्हणेल, "शट अप!" ती तुला गप्प बसवत नाहीये, पुढे सांग म्हणतेय. "गेट अवे!" तसंच, आणि इकडे उत्तरेत सारखं कानावर येणारं "गिव्ह ओव्हर!"सुद्धा. आपण "चल, काहीतरीच!" म्हणतो तेव्हा कुणाला हाकलतो का? अशा वेळी हसून "ऑनेस्टली!" म्हण आणि गोष्ट पुढे ने. खुलासे देत बसू नकोस, कुणी तुझ्यावर खोटेपणाचा आळ घेतलेला नसतो.

"पुल द अदर वन" ऐकलंस तर मात्र समज, की तुझं सांगणं पटलेलं नाही. पाय ओढणं म्हणजे इंग्रजीत थट्टा करणं, हे तुला ठाऊक आहे. त्यालाच हे उत्तर: आता दुसरा ओढ, त्याला घुंगरं बांधलीत! "आर यू हॅविंग अ लाफ?" हसत म्हटलं तर गंमत असते. ड्यूटी ऐनवेळी बदलल्यावर कुणी ओठ आवळून म्हटलं, तर तो राग असतो. साधं "रिअली" घे. सूर वर गेला तर उत्सुकता, खाली पडला तर शंका, नाहीतर कंटाळा. तू गाणं शिकलेली, तुला हे चटकन कळेल.

म्हाताऱ्या पेशंटांचे उद्गार मला सगळ्यात आवडतात. "ब्लायमी", "क्रायकी", "गॉश". देवाचं किंवा ख्रिस्ताचं नाव थेट तोंडी येऊ नये म्हणून हे शब्द असे मोडून घेतलेले. ब्लायमी ही मुळात 'देव मला आंधळं करो' अशी शपथ. तरुण मुली उठता-बसता "ओह माय गॉड" म्हणतात, पण श्रद्धाळू आजीबाईंच्या कॉटपाशी तू ते टाळ, काहींना मनाला लागतं. "गुडनेस" म्हण. एखादे आजोबा म्हणतील, "आय विल गो टू द फुट ऑफ अवर स्टेअर्स!" मी आमच्या जिन्याच्या पायथ्याशी जातो, म्हणजे थक्कच झालो! हे आता कमी ऐकू येतं. तुझ्या कानावर आलं तर मला लगेच कळव.

आणि पेशंट दुखणं सांगत असताना "नो वे" किंवा "यू आर जोकिंग" कधीही म्हणायचं नाही, कौतुकाच्या सुरातही नाही. आपलं दुखणं हिला खरं वाटत नाही, असं त्याला वाटता कामा नये. तिथे "ओह, आय अ‍ॅम सॉरी" एवढं म्हणावं आणि ऐकून घ्यावं.

रविवारी फोनवर हे सगळं बोलून बघू. बाबांनाही जवळ बसव.

आई-बाबांना आणि आजीला नमस्कार.

तुझी,
ताई