कप स्वच्छ आला म्हणजे टाकीत पाणी नाही असं समजू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला छोट्या फ्लोटप्लेनवरचा, म्हणजे चाकांऐवजी होडीसारख्या पोकळ फ्लोटवर बसून पाण्यावरून उडणाऱ्या विमानावरचा लेख वाचला, आवडला. उड्डाणाआधी पायलट हातपंपाने फ्लोटच्या कप्प्यांमधलं पाणी कसं उपसतो हे लेखात नीट आलंय, पण पेट्रोलच्या टाकीतल्या पाण्याबद्दल फक्त "इंधन तपासलं जातं" एवढंच वाक्य आहे. माझी बरीच वर्षं धक्क्यावर ह्याच विमानांची देखभाल करण्यात गेली, त्यामुळे ते वाक्य वाचून राहवलं नाही. फ्लोटमध्ये पाणी राहिलं तर विमान एका बाजूला बसतं, लांबून कुणालाही कळतं. टाकीतलं पाणी इंजिन बंद पडेपर्यंत कळत नाही.

आधी साधी गोष्ट. ह्या पिस्टन इंजिनांचं पेट्रोल म्हणजे १०० एलएल, त्याला ओळखण्यासाठी निळा रंग घातलेला असतो. एक लिटर पेट्रोल साधारण ७२० ग्रॅम भरतं आणि पाणी एक किलो, म्हणजे पाणी कायम तळाला जाणार. म्हणून पंखातल्या टाकीच्या तळाला ड्रेन व्हॉल्व्ह असतो, पारदर्शक कपाची पिन त्यात दाबायची की थोडं पेट्रोल कपात येतं, पाणी असेल तर ते खाली वेगळं दिसतं, मध्ये रेघ दिसते. शिकवताना एवढंच शिकवतात.

मी नवीन होतो तेव्हाचं सांगतो. रात्रभर पाऊस पडून गेलेला, सकाळी मी फ्लोटवर उभं राहून हात वर करून कप भरला, बघितलं तर रेघ नाही, थेंब नाही, कचरा नाही, एकदम काचेसारखं. मी ओरडून सांगितलं क्लीन आहे. आमचे मोठे मेकॅनिक होते, सगळे त्यांना काका म्हणायचे, ते आले, कप हातात घेतला, फ्लोटच्या पांढऱ्या रंगासमोर धरला आणि म्हणाले, "निळा कुठाय रे?" मग नाकाशी धरायला लावला. वास नावालाच. कप पूर्ण पाण्याने भरलेला होता, वर पेट्रोलच नव्हतं तर रेघ दिसणार कुठून! त्यानंतर कपावर कप काढत गेलो तेव्हा कुठे खाली पाणी आणि वर निळं असं दिसायला लागलं. टाकीच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे पाणी अडवणारी रबरी कडी, कडक होऊन चिरली होती, झाकण पंखाच्या वरच्या खळग्यात, तिथे पावसाचं पाणी साचतं आणि रात्रभर झिरपत राहतं. त्या दिवसापासून मी कप पांढऱ्यावर धरल्याशिवाय आणि वास घेतल्याशिवाय क्लीन हा शब्द उच्चारला नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. ड्रेन जिथे बसवलेला असतो ती टाकीतली सगळ्यात खालची जागा कधी असते, तर विमान सपाट जमिनीवर चाकांवर उभं असताना. तेच विमान फ्लोटवर चढवलं की त्याची बसण्याची ढबच बदलते. मागे सामान जास्त असेल तर फ्लोटची मागची टोकं दबतात आणि नाक वर जातं, एका पंखात पेट्रोल जास्त असेल तर तो पंख खाली, आणि मागे ढकलून फ्लोटच्या टाचा वाळूवर टेकवून ठेवलं असेल तर उलट शेपूट वर आणि नाक खाली. म्हणजे पाणी टाकीच्या भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसलेलं असतं आणि आपण ड्रेनमधून छान निळं पेट्रोल काढून समाधानाने कप खिशात घालतो. कप खोटं बोलत नाही, पण तो फक्त ड्रेनच्या तोंडाशी काय आहे तेच सांगतो.

मग ते पाणी इंजिनापर्यंत पोचतं कधी? सगळ्यात वाईट वेळेला. इंजिन सुरू होतं कारण पाइपात आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत चांगलं पेट्रोल असतं, लाटांवरून हळूहळू जाताना सगळं ठीक वाटतं. मग पूर्ण पॉवर दिली की फ्लोटप्लेन आधी नाक चांगलंच वर उचलतं, मग हळूहळू पुढे झुकून पाण्याच्या वर येऊन पळायला लागतं, ज्याला स्टेपवर येणं म्हणतात. धावपट्टीवरच्या विमानाला एवढे झोके बसत नाहीत. ह्या एका मिनिटात टाकीतलं पेट्रोल पुढे-मागे हेलकावतं आणि कोपऱ्यात गप्प बसलेलं पाणी घरंगळत आउटलेटच्या तोंडाशी येतं. तोपर्यंत विमान हवेत आणि समोर किनाऱ्यावरची झाडं.

म्हणून माझं म्हणणं असं की ड्रेन करण्याआधी विमान जरा हलवा. दोर सैल करून एकाने पंखाचं टोक धरून सावकाश वरखाली करायचं, शेपूट दाबून नाक वर-खाली करायचं, थोडा वेळ शांत राहू द्यायचं आणि मग कप लावायचा. पेट्रोल भरल्यावर लगेच तर मुळीच नको, ढवळलेलं पाणी बारीक थेंब होऊन तरंगत असतं, त्याला खाली बसायला निदान १५ मिनिटं द्या. रबरी ब्लॅडरच्या, म्हणजे पिशवीसारख्या टाक्या असतील तर जास्तच जपा, रबराला तळाशी सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुतीमागे पाणी बांध घातल्यासारखं अडून राहतं. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाने, सेस्ना कंपनीच्या छोट्या विमानांतल्या अशा टाक्यांसाठी १९८४ मध्ये तपासणीचा आदेशच काढला होता, तो ह्याच सुरकुत्या आणि गळक्या झाकणांपायी.

आता कुणी म्हणेल मग लोक हे करत का नाहीत. करणं खरंच अवघड आहे, आळस एवढंच कारण नाही. धक्क्याच्या बाजूचा ड्रेन सहज होतो, पण पलीकडच्या पंखाचा करायला त्या बाजूच्या फ्लोटवर जायला लागतं, ओल्या फ्लोटवरून, प्रोपेलरपासून लांब राहून, खाली पाणी. किंवा विमान सोडून फिरवून परत बांधायचं. घाईत तो ड्रेन राहतोच, मी किती वेळा बघितलंय. आणि गॅसकोलेटर, म्हणजे इंजिनाच्या फायरवॉलजवळची (इंजिनामागच्या भिंतीजवळची) सगळ्यात खालची गाळणी, तिचा तर विषयच वेगळा. जुन्या सेस्नांमध्ये त्याची दांडी वर ऑइलच्या झाकणाजवळ असते आणि पेट्रोल खाली पडतं. दांडी ओढणाऱ्याला काय पडलं ते दिसतच नाही, जमिनीवर निदान ओला डाग दिसतो, इथे थेट तलावात! दोन माणसं हवीत, एकाने ओढायचं आणि एकाने खाली कप धरायचा. एकटा पायलट असेल तर बाटली बांधून ठेवायची, पण बघायचंच.

काढलेला कप पाण्यात भिरकावणं हे तर डोळ्यांनी बघवत नाही. १०० एलएलमधल्या एलएलचा अर्थ लो लेड, नाव लो असलं तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं, आणि त्याच तलावात मासे आहेत, पोरं पोहतात. एक झाकणाचा डबा धक्क्यावर ठेवायला काय जातं?

बॅरलमधून पेट्रोल भरणाऱ्यांना एक सांगणं. उभ्या बॅरलच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं, रात्री गारव्याने आतली हवा आकसली की तेच पाणी बुचातून आत ओढलं जातं. बॅरल आडवं ठेवा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, म्हणजे ती पेट्रोलने आतून ओली राहतात. पंपाचा पाइप तळापर्यंत घालू नका आणि पाणी अडवणाऱ्या फिल्टरच्या नरसाळ्याशिवाय ओतू नका.

फ्लोटचं रेटिंग, म्हणजे फ्लोटप्लेन उडवण्याची परवानगी, देणाऱ्या प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, ड्रेन कसा करायचा हे हँगरमध्ये चाकांवरच्या विमानावर दाखवू नका. धक्क्याला बांधलेल्या, हलणाऱ्या विमानावर, पलीकडच्या पंखासकट, विद्यार्थ्याच्या हातून करून घ्या. आणि संपादक साहेब, पुढच्या वेळी "टेकऑफनंतर इंजिन अचानक बंद पडलं" अशी बातमी आली तर आपल्या बातमीदाराने एवढं जरूर विचारावं, की त्या सकाळी दोन्ही टाक्या आणि गॅसकोलेटर ड्रेन झाले होते का, आणि तेव्हा विमान कसं बसलेलं होतं.

आपला,
फ्लोटप्लेनचा एक जुना मेकॅनिक