ओढल्यावरही चौरस राहिला पाहिजे

धरमपेठ, नागपूर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की एम.एड.ला गणिताच्या शिक्षकांना कॉम्प्युटरचं नेमकं काय शिकवतात, आणि पडद्यावरच्या आकृत्या बघून पोरांना प्रमेय कळतं का. नुसतं बघून नाही कळत. म्हणून साधन वापरायला शिकण्याबरोबरच, त्यानं आपल्या वर्गात काही फरक पडला का हे तपासायलाही शिकावं लागतं. उन्हाळ्यात ओसरीवर मुलं शिकायला येतील तेव्हा तुम्हाला करून बघता यावं, म्हणून सविस्तर लिहिते.

जिओजेब्रा हे पडद्यावर भूमितीच्या आकृत्या काढायचं आणि हलवून बघायचं सॉफ्टवेअर आहे, आणि ते मोफत आहे. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात त्याची सुरुवात केली. फोनवर एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. सुरुवात चौरसापासून करा. मुलं आधी अंदाजानं चार बिंदू ठेवतील. चौरस छान दिसेल, पण एक बिंदू बोटानं ओढला की वाकडा होईल. तो होऊ द्या. मग रचना करायला सांगा: रेख अब काढायची, अ आणि ब मधून तिला लंब रेषा काढायच्या, अ केंद्र घेऊन ब मधून जाणारं वर्तुळ काढायचं. वर्तुळ अ मधल्या लंबाला वरच्या बाजूला छेदतं तो ड. ड मधून अबला समांतर रेषा काढली की ती दुसऱ्या लंबाला क मध्ये छेदते. आता अ ओढा, ब ओढा; आकृती लहानमोठी होईल, फिरेल, पण चौरसच राहील. क आणि ड ओढायला गेलं तर हलतच नाहीत. ते का हलत नाहीत, हे मुलांनाच विचारा. चौरसाची व्याख्या त्या उत्तरात येते. एखाद्याचा चौरस तरीही मोडला, तर त्याचं बोट छेदनबिंदूच्या जरा बाजूला पडलंय आणि तिथे सुटा बिंदू तयार झालाय असं समजा. तेवढा पुसून पुन्हा ठेवायचा.

त्रिकोणाच्या कोनांची बेरीज घेताना मात्र सांभाळा. कोन ५९.६, ६०.६ आणि ५९.८ अंश असले आणि पडद्यावर पूर्णांकच दिसत असले, तर मुलांना ६०, ६१ आणि ६० दिसतात. बेरीज १८१! दशांशस्थळं वाढवली तरी शेवटच्या अंकात असा फरक येऊ शकतो. बरेच शिक्षक हे झाकतात. मला वाटतं, ते मुद्दाम दाखवावं, कारण मोजून सिद्धता होत नाही हे मुलांना इथेच पटतं. मग फळ्याकडे वळून वरच्या शिरोबिंदूतून पायथ्याला समांतर रेषा काढायची आणि व्युत्क्रम कोनांनी सिद्धता पुरी करायची. तुमचा खडू लागतोच, बाबा.

आता कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकानं आपल्याच वर्गातली अडचण घेऊन उपाय करून बघायचा आणि फरक पडला का ते तपासायचं. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ च्या लेखात योजना, कृती आणि परिणामाची तपासणी असं फिरतं चक्र मांडलं. त्यावरून पुढे आलेला क्रम असा: योजना, कृती, निरीक्षण, विचार आणि पुन्हा योजना. प्रश्न मात्र बारीक हवा. ‘मुलं भूमितीत कच्ची आहेत’ एवढ्यावर संशोधन होत नाही. ‘मुलं चौरस आणि समभुज चौकोन यांत गल्लत करतात’ यावर होतं. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी सारख्याच काठिण्याची हवी, पण प्रश्न तेच नकोत, नाहीतर पाठांतरच मोजलं जातं. नुसती गुणवाढ बघूनही चालत नाही. १०० पैकी ४० चे ७० झाले किंवा ७० चे ८५ झाले, तर दोघांनीही उरलेल्या गुणांपैकी निम्मे मिळवले. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी हेच गुणोत्तर वापरलं: झालेली वाढ भागिले शक्य असलेली वाढ.

सगळ्यात जास्त घोळ तुलनेत होतो. अ तुकडीला जिओजेब्रा आणि ब ला फळा, असं ठरवतात. पण कित्येक शाळांत तुकड्या गुणांवरच पाडलेल्या असतात. शिवाय आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते, तासिका आखूड होतात. पूर्वचाचणी जानेवारीतल्या दुपारी आणि उत्तरचाचणी एप्रिलमध्ये घेतली, तर फरक साधनाचा की वेळेचा, हे सांगता येत नाही. फक्त सर्वांत कमी गुणांची मुलं निवडली, तर त्यांतल्या काहींचे गुण पुढच्या वेळी तसेही वाढतात, कारण पहिल्या दिवशी त्यांचं काहीतरी बिनसलेलं असतं. ते श्रेय फोनला देऊ नये.

आई, यात तुझंही काम आहे. शिकवणाऱ्याला वर्ग दिसत नाही, म्हणून निरीक्षक वेगळा लागतो. चार मुलांत एक फोन असला की ज्याच्या हातात तो असतो तोच शिकतो. दर पाच मिनिटांनी हात बदलायला लाव. वहीत चार नावं आणि तीन रकाने आख: ‘ओढतोय’, ‘आकृतीबद्दल बोलतोय’, ‘नुसता बघतोय’. दर दोन मिनिटांनी प्रत्येकापुढे एक खूण कर. ‘हुशार आहे’, ‘लक्ष नाही’ असं लिहू नकोस. डोळ्यांना दिसलं आणि कानांवर आलं तेवढंच लिही. तिसऱ्या रकान्यात खुणा वाढल्या, तर बाबांना तिथेच थांबवून प्रश्न विचारायला सांग.

मुलांच्या आईवडिलांना आधी विचारून घ्या आणि चेहऱ्यांचे फोटो काढू नका. तीन आठवड्यांनी फोन न देता नुसती पट्टी-कंपास देऊन एक चाचणी घ्या. त्या उत्तरपत्रिका आणि आईची वही जपून ठेवा. मी येईन तेव्हा आपण तिघं मिळून बसून बघू.

तुमची,
ताई