कोटिंगने उतार बदलत नाही: अंगणाच्या कामाबद्दल तक्रार

दि. २२ सप्टेंबर २०२५
मांद्रे, पेडणे, गोवा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: जेवणाच्या अंगणाची फरसबंदी आणि वरचा मांडव उखडून नव्याने करून देण्याबाबत

महोदय,

आपल्या माहितीपत्रकात ज्याला ‘पॅटिओ’ म्हटले आहे, ते आमचे स्वयंपाकघरामागचे ६ मी. × ४ मी.चे अंगण आपण फेब्रुवारीत बांधून दिले. ठरलेल्या ₹३,४०,००० पैकी ₹३,०६,००० आपल्याला पोचले आहेत. जूनपासून केलेल्या तीन तक्रारींवर आपले एकच उत्तर आले: ‘यंदा पाऊस जास्त होता, वरून वॉटरप्रूफ कोटिंग मारून देतो.’ ते कोटिंग आम्हाला नको. का नको, ते मोजमापांसह लिहीत आहोत.

करारात उतार १:८० होता. म्हणजे भिंतीपासून बागेकडे ४ मीटरमध्ये ५० मि.मी. उतरण हवी. आज लेव्हल पाइप लावला तर बागेकडची कड भिंतीकडच्या कडेपेक्षा १२ मि.मी. उंच भरते. फरशीवर गोटी ठेवली की ती घरंगळत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबते. पाणीही तिथेच थांबते. या अंगणावर १०० मि.मी. पाऊस पडला की २,४०० लिटर पाणी होते. पेडण्यात पावसाळ्यात असा दिवस काही नवलाचा नाही. त्या पाण्याला आपण दिलेली वाट एकच, ५० मि.मी.चा पाइप, आणि तोही बागेच्या कोपऱ्यात, म्हणजे आता सगळ्यात उंच जागी! दाराच्या चौकटीचे पाय फुगले आहेत आणि आतल्या भिंतीला फूटभर ओल चढली आहे. शेणाने सारवलेल्या अंगणालासुद्धा आपल्याकडे घरापासून बाहेर उतार काढतात.

आपले पर्यवेक्षक म्हणतात की फेब्रुवारीत बादलीने पाणी ओतून उतार दाखवला होता. दाखवला होता, आणि तेव्हा तो बरोबरही होता. पण पायासाठी खोदलेला भिंतीलगतचा चर साधारण ४०० मि.मी. खोल होता. तो १५०-१५० मि.मी.च्या थरांनी पाणी मारून, दुर्मुसाने ठोकून भरायला हवा होता. तिथे ट्रॉलीभर माती एकदम ओतली गेली. पहिल्या पावसात ती बसली आणि तिच्याबरोबर वरची फरशीही भिंतीच्या बाजूने खाली गेली. हा भराव अजून बसणार आहे. कोटिंग वरच्या फरशीला लागेल, खालच्या मातीला नव्हे.

फरशीचेही तेच. ६०० × ४०० मि.मी.च्या १०० कोटा फरश्यांवर नाण्याने टकटक केले, तर ३७ बद्द वाजतात. पैकी एक सैल झालेली उचलली. तिच्याखाली चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे पाच गोळे, आणि उरलेल्या पोकळीत पाणी. घराच्या आत कोणी अशी फरशी बसवली तर एक वेळ खपून जाते, उघड्यावर नाही. फरश्या एकमेकींना चिकटवून सांध्यात नुसते पांढरे सिमेंट भरले आहे. त्याच्या केसाएवढ्या भेगांतून पाणी आत जाते, पोकळीत साचते आणि सिमेंटमधले क्षार घेऊन वर येते. जागोजागी फुटलेला पांढरा लोणा तोच.

हा लोणा काढायला जुलैमध्ये आपल्या माणसाने हायड्रोक्लोरिक ॲसिड मारले. कोटा हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खाते. आता त्या जागी हाताच्या पंजाएवढे खरखरीत, फिकट डाग आहेत आणि ते कोणत्याही पॉलिशने जाणार नाहीत. आधीच ही फरशी पॉलिश केलेली. करारात उघड्यासाठी रफ कोटा लिहिला होता. शेवाळ धरल्यावर तिच्यावर चालायचे धाडस होत नाही.

मांडवाबद्दल थोडक्यात. १० मि.मी. पॉलिकार्बोनेट पत्र्यांची अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी बाजू वर हवी, ती खाली आहे. त्या बाजूवरची शिक्के मारलेली फिल्म अजून एका पत्र्याच्या कडेला खालून चिकटलेली आहे, त्यावरून हे कळते. पत्र्यांची टोके उघडी असल्याने त्यांच्या आतल्या पोकळ नळ्यांत पाणी आणि मुंग्या आहेत. स्क्रूची भोके स्क्रूएवढीच पाडल्याने उन्हात पत्रा फुगायला जागा नाही, म्हणून तीन ठिकाणी तडे. बोल्टना गंज धरला आहे. समुद्र जवळ म्हणून ३१६ ग्रेडच्या, म्हणजे कमी गंजणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे पैसे घेतले होते. आपल्या माणसाने लोहचुंबक लावून ‘अस्सल’ म्हणून दाखवले. पण साधे ३०४ ग्रेड आणि ३१६ यांतला फरक चुंबकाने कळत नाही, त्यासाठी ३१६ मध्ये असणाऱ्या मॉलिब्डेनम धातूची चाचणी लागते. पुरवठादाराचे प्रमाणपत्र पाठवावे.

आमची मागणी: सगळी फरशी उचलावी. भराव थरांनी दाबून त्यावर १०० मि.मी. खडी, त्यावर १:४ चा अखंड मसाला आणि रफ कोटा. सांधे ८ मि.मी.चे, भिंतीलगत १० मि.मी. फट सोडून त्यात सीलंट. तयार पातळी उंबऱ्याखाली १५० मि.मी. असावी, आज ती जेमतेम ४० आहे. बागेच्या कडेने जाळीची नाली आणि ११० मि.मी.चा पाइप. पत्रे आणि बोल्ट बदलावेत. भराव दाबताना आणि मसाला पसरण्याआधी आम्हाला बोलवावे. चौकटीच्या दुरुस्तीचा खर्चही आपलाच.

पाऊस ओसरला की काम सुरू करून तुळशीच्या लग्नाआधी संपवावे. वृंदावन त्याच अंगणात आहे. १५ दिवसांत लेखी वेळापत्रक न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे जाऊ. आम्ही दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने त्यासाठी शुल्कही पडत नाही. उरलेले ₹३४,००० मागणारे आपले कालचे स्मरणपत्र मिळाले. ते काम पुरे झाल्यावर, गोटी बागेकडे घरंगळली की त्याच दिवशी देऊ.

सोबत: मोजमापांचा तक्ता, उचललेल्या फरशीची छायाचित्रे, कराराची प्रत

आपले ग्राहक