नाचणी या वर्षीही पेरा

बर्लिन,
आगमनकाळाचा दुसरा रविवार

प्रिय आई-बाबा,

जय येशू. टपालाने पाठवलं तर नाताळ उलटून जाईल, म्हणून पत्राचे फोटो काढून दादाच्या फोनवर टाकतेय. आई, तू चष्मा शोधत बसू नकोस, वहिनीला मोठ्याने वाचायला सांग.

बुधवारी फोनवर बाबा म्हणाले, "या वर्षी नाताळचा गोठा नको. कशाला?" मी "बरं" म्हटलं आणि विषय बदलला. पण ते "कशाला" चार दिवस डोक्यातून जात नाहीये. फोनवर मला उत्तरं सुचत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

इथे चारच्या आत सूर्य मावळतो. आमच्या वृद्धाश्रमात जेवणाच्या टेबलावर चार मेणबत्त्यांचं चक्र ठेवलंय, आपल्या चर्चमध्ये असतं तसंच. नाताळाआधीच्या चार रविवारांना एकेक, आज दुसरी पेटवली. ही पद्धत इथलीच, हॅम्बुर्गची. 1839 साली योहान विखर्न नावाच्या पाळकाने आपल्या आश्रमातल्या गरीब पोरांसाठी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण पोरं रोज विचारायची, नाताळ कधी? माझ्या पाळीतल्या एक आजीही रोज तेच विचारतात. सांगितलेलं पाच मिनिटांत विसरतात आणि पुन्हा विचारतात. मला कंटाळा येत नाही. खरं सांगायचं तर कधी कधी येतो.

त्यांच्या शेजारच्या आजोबांना अर्धांगवायू झालाय. रोज सकाळी मी त्यांची बोटं एकेक करून सरळ करते आणि मनात बाबांचा हात असतो. दुसऱ्याच्या बापाची बोटं सोडवायचा मला पगार मिळतो! बाबांना झटका आला त्या रात्री पहिल्या दवाखान्याने तुम्हाला तीन तास नुसतं बसवून ठेवलं. गुठळी विरघळवायचं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, हे मला इथे बसून कळत होतं आणि करता काहीच येत नव्हतं. त्यावरून माझं देवाशी भांडण अजून मिटलेलं नाही. चर्चमध्ये मिस्साला जाते, पण भांडतच.

गेल्या सुट्टीला इथल्या जुन्या चित्रांच्या संग्रहालयात गेले होते. तिथे आल्टडॉर्फर या चित्रकाराचं ख्रिस्तजन्माचं पाचशे वर्षांपूर्वीचं चित्र आहे. बाबा, गोठा असा तुम्ही कधी केला नसता. विटांचं पडकं घर, ढासळलेल्या भिंती, उघडे पडलेले वासे. मरिया, योसेफ आणि बाळ पार खाली, कोपऱ्यात. आधी पडझडच दिसते, माणसं नंतर सापडतात.

या चित्राची आठवण एका माणसाने आपल्या आई-वडिलांना पत्रातून करून दिली होती. डीट्रिश बोनहोफर, इथले पाळक, हिटलरच्या विरोधात गेलेले. एप्रिल 1943 मध्ये त्यांना पकडून इथल्याच टेगेलच्या तुरुंगात टाकलं. त्या नोव्हेंबरात बर्लिनवर बॉम्ब पडत होते. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी त्यांनी घरी लिहिलं, की या वर्षी ते पडक्या घरातलं चित्र अगदी आपलंच वाटतं. वडील तेव्हा पंचाहत्तरीचे, म्हणजे तुमच्याच वयाचे. त्याच्या आठवडाभर आधी एका मित्राला त्यांनी कळवलं होतं, की तुरुंगाची कोठडी म्हणजे आगमनकाळच: माणूस वाट बघतो, बारीकसारीक काहीतरी करत राहतो, आणि दार मात्र बाहेरूनच उघडावं लागतं.

पुढचं लपवत नाही. बाबांना गोड केलेल्या गोष्टी आवडत नाहीत. ते दार उघडलं नाही. 9 एप्रिल 1945 ला त्यांना फाशी दिलं, युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. आई-वडिलांना कळलं जुलैमध्ये, लंडनहून रेडिओवर त्यांच्यासाठीची प्रार्थनासभा लागली तेव्हा.

म्हणून "सगळं ठीक होईल" असं मी तुम्हाला लिहिणार नाही. हाताचं काय होईल, मला माहीत नाही. बाबा, तुम्हाला आशा वाटत नसेल तर वाटून घेऊ नका. पण त्या माणसाने कोठडीत बसून जे बारीकसारीक काहीतरी केलं, तेवढं आपण करूया का?

दादाला सांगा, विहिरीजवळची पंपाची खोली पावसात पडली, तिच्या विटा तशाच आहेत ना, त्यातल्या आठ-दहा आणायला. नवा पेंढा, दिव्यांच्या माळा, काही नको. पडकाच गोठा करा. आई, योसेफाचा मोडलेला हात या वर्षी चिकटवू नकोस, राहू दे तसाच.

आणि नाचणी पेरा. दर वर्षीसारखी करवंट्यांमध्ये, म्हणजे नाताळापर्यंत गोठ्यापुढे हिरवं शेत होईल. पण या वेळी डाव्या हाताने. मूठ मिटते पण उघडताना जड जाते, मला माहीत आहे. आई दाणे मुठीत देईल. उजव्या हाताने मनगटाला आधार द्या, मनगट खाली वाकवा, बोटं आपोआप थोडी सैल पडतात. घाई नाही. सांडली तर सांडू दे, कोंबड्या आहेतच.

शनिवारी रात्री आठला फोन करते. इथे साडेतीन वाजलेले असतील, थोडा उजेड असेल. करवंट्या कॅमेऱ्यासमोर ठेवा.

तुमची,
बाय